त्रिकोण आणि वर्तुळ

भोपाळच्या श्यामला हिल्सवर, मोठ्या तलावाच्या काठाला, तोडांचं एक घर उभं आहे. निलगिरीच्या म्हैसवाल्या तोडांचं. एखादं पिंप उभं चिरून त्यातला अर्धा भाग जमिनीवर पालथा घालावा तसा आकार, वर गवत, आणि दार एवढंसं की आत जायचं तर रांगतच. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या दोनशे एकरांत देशभरातली अशी घरं विखुरलेली आहेत, त्यांतलं हे एक. भोपाळला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझी मावशी आधी इथं आणते. भीमबेटका नंतर, पोहे-जिलबी त्याच्याही नंतर. तिनं चौतीस वर्षं मानवशास्त्र शिकवलं. "या दारातून माझा विषय आत शिरला," हे वाक्य मी तिच्या तोंडून निदान पाच वेळा ऐकलं असेल.

"आणि बाहेर कधी पडला, मॅडम?"

विचारणारी मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात मानवशास्त्र शिकते, गाव मेळघाटात, धारणी तालुक्यात, जमातीनं कोरकू. तिला शिकवणाऱ्या बाई मावशीच्या विद्यार्थिनी, त्यामुळे डिझर्टेशनसाठी संग्रहालयाच्या ग्रंथालयात आठवडाभर बसायचं ठरल्यावर मुक्काम मावशीकडे. मी दिल्लीहून पुण्याला परतताना दोन दिवस उतरलो होतो. आदल्या रात्री जेवताना मावशी तिला म्हणाली होती, "विद्यार्थिनीची विद्यार्थिनी म्हणजे तू माझी नातच की गं." मुलगी हसली, पण 'आजी' काही म्हणाली नाही. मॅडमच.

मावशीनं काठी दाराकडे रोखली. "रिव्हर्स पेशानं डॉक्टर. १८९८ मध्ये केंब्रिजची मोहीम टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली, तिच्यात हा होता. लोकांची नजर तपासायला गेला आणि कोण कुणाचं कोण लागतं ते उतरवत बसला. त्यातून वंशावळीची पद्धत निघाली. तीच घेऊन निलगिरीला आला आणि १९०६ मध्ये तोडांवरचं जाडजूड पुस्तक काढलं. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, लग्न म्हणजे बरोबरची खूण, वारलेल्यावर तिरपी रेघ, ही सगळी चित्रलिपी त्याच पद्धतीच्या पोटातून पुढे आली. तोडांत तेव्हा एका बाईला सख्खे भाऊ मिळून दोन-दोन, तीन-तीन नवरे. मग मुलाचा बाप कोण? बाई गरोदर असताना ज्यानं तिला समारंभानं धनुष्यबाण दिला, तो. तो मेला तरी बाप तोच, दुसरा कुणी धनुष्य देईपर्यंत. मी हे पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगायचे तेव्हा मुलं पेनं खाली ठेवून बघत राहायची. बाप हीसुद्धा मानायची गोष्ट आहे, हे अठराव्या वर्षी कानावर पडायला पाहिजे. त्याच्यासाठी तरी हा विषय विद्यापीठात हवा."

"हे मला पाठ आहे, मॅडम. पंधरा मार्कांना येतं." मुलगी दाराशी बसून आत डोकावत होती. "पण त्याच पुस्तकात आणखी एक आहे. तोडा आपल्या मेलेल्या माणसांची नावं घेत नाहीत. मग रिव्हर्सनं काय केलं? दुसऱ्या घराण्यातल्या लोकांकडून काढून घेतली."

"हो. आणि तसं स्पष्ट लिहून ठेवलं. लपवलं नाही."

"लपवलं नाही म्हणजे बरोबर केलं?"

मावशीला असा प्रश्न आवडतो, म्हणजे आवडतो असं ती म्हणते. ती काठीवर दोन्ही हात ठेवून थांबली. मुलगी उठली, गुडघ्यांवरची माती झटकली आणि तिनं आजीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट तिनं वर्गात कधी सांगितलेली नाही.

तिच्या लहानपणी घरी दोन बाया आणि एक सर आले होते, हातात फॉर्म. आजीला विचारलं, मुलं किती? आजी म्हणाली, चार. एकूण किती झाली? चार. फॉर्मवर चार लिहिलं गेलं. झाली होती सात. तीन लेकरं गेली, त्यांची नावं आजी पाहुण्यांसमोर कशाला काढेल? "पुढे बारावीनंतर मी तो अहवाल पाहिला. आमच्या गावाचं नाव बदललं होतं, पण ओळखू येत होतं. त्यात बालमृत्यूचं प्रमाण काढलेलं. मी तिथंच बोटांवर मोजलं, आमच्या एका घरातच तीन कमी."

"म्हणून तर महिनोन्‌महिने राहायला सांगतो आम्ही!" मावशीचा आवाज चढला. "तीन दिवसांत फॉर्म भरून निघून जाणं याला मानवशास्त्र म्हणू नकोस. भाषा शिक, त्यांच्याबरोबर शेतावर जा, सहा महिन्यांनी तुझी आजी आपणहून सांगेल."

"सांगेल. मैत्रीण समजून सांगेल. आणि मैत्रीण ते छापेल."

हे ऐकून मी खिशातून वही काढली होती, ती तिनं पाहिली. "दादा, तुम्ही लिहिताय का?" मी ओशाळलो. तिनं थोडा विचार केला. "लिहा. नाव नको. गावही नको. आणि छापून आलं की पाठवा, तेवढं कुणी करत नाही."

आम्ही उताराच्या पायवाटेनं निघालो. ही घरं त्या-त्या समाजाच्या लोकांनी स्वतः येऊन बांधली, आपल्याकडचं लाकूड-गवत वापरून. मावशीच्या मते इतर संग्रहालयांत आणि इथं हाच फरक. काचेच्या कपाटात ठेवलेला माणूस तिला चालत नाही. संस्था १९७७ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि दोन वर्षांत इकडे आली, तेव्हापासून मावशी इथं येते. मुलीनं एका ओसरीवर हात फिरवला, आतली चूल पाहिली. "धूर नाही," ती म्हणाली. "चुलीत धूर नसला की छपराला कीड लागते. आमच्याकडे बंद घर दोन पावसाळ्यांत बसतं." मावशी म्हणाली, म्हणूनच कारागीर डागडुजीला पुन्हा बोलावले जातात. "तेच म्हणते मी," मुलगी म्हणाली. "राहायला नाही, डागडुजीला." माझ्या मते इथं ती थोडा अन्याय करत होती. पण धुराचं निरीक्षण तिचंच, आणि तीस-चाळीस वेळा तिथं गेलेल्या मला ते सुचलं नव्हतं.

"शिवाय नाव बघा," ती म्हणाली. "आमच्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लावलं की अनेक. कोरकू म्हणजे माणसं. म्हणजे मानव संग्रहालय म्हणजे कोरकू संग्रहालय आणि मानवशास्त्र म्हणजे कोरकूशास्त्रच. तरी मला या विषयात पाहुण्यासारखं वाटतं."

मावशी इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं.

तलावाकडे तोंड करून आम्ही बसलो. मावशीची एक जुनी खोड आहे, ती आपल्या विद्येची वंशावळ बोटावर मोजून दाखवते. रिव्हर्स. रिव्हर्सच्या हाताखाली केंब्रिजला शिकलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये; १९२२ मध्ये रिव्हर्स गेले आणि घुर्ये १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. इरावतीबाईंचे विद्यार्थी ते मावशीचे शिक्षक. "इरावतीबाईंना मी लांबूनच पाहिलं, स्कूटरवरून जाताना. पण ही चार बोटं झाली. पाचवं माझं, सहावं तुझ्या बाईंचं, सातवं तुझं. सात पिढ्यांत तू येतेस."

"आणि रिव्हर्सच्या आधी कोण? तोडाच ना? ज्यांनी त्याला सांगितलं ते? ते कुठल्या बोटावर?"

मावशी गप्प झाली नाही, ती कधीच होत नाही. विषय बदलला एवढंच. इरावतीबाई बर्लिनला गेल्या ती गोष्ट तिनं काढली. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारा माणूस. पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या कारभाराला शास्त्राची झूल चढवणाऱ्यांतला. इरावतीबाईंना विषय दिला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. गोऱ्यांची कवटी एका बाजूला जास्त भरलेली निघेल आणि तिथून त्यांच्या बुद्धीचं मोठेपण सिद्ध करता येईल, अशी अपेक्षा. बाईंनी युरोपातल्या आणि वसाहतींतून आणलेल्या कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. "पंचविशीतली मराठी बाई, परका देश, समोर फिशर. मोजमापानं खोटं पाडता येतं ते असं. म्हणून मोजायला शिकायचं."

"निष्कर्ष बदलला, मॅडम. कॅलिपर नाही बदललं."

मग प्रॅक्टिकलची हकिगत आली. शारीरिक मानवशास्त्राच्या जर्नलमध्ये प्रत्येकानं वर्गातल्या काही जणांची मापं घ्यायची असतात: डोक्याची कमाल लांबी, कमाल रुंदी, रुंदीला लांबीनं भागून शंभरनं गुणलं की शिरोनिर्देशांक, तसंच नाकाचं. स्प्रेडिंग कॅलिपर म्हणजे दोन वाकड्या पायांचा चिमटा, टोकं बोथट, कपाळाला लागला की थंड. वर्गात वीस मुलं-मुली, कुणी कुणाचीही मापं घेऊ शकत होतं. पहिल्या दिवशी सहा जणांनी तिच्याकडेच येऊन विचारलं, तुझी घेऊ का? "वाईट कुणी नव्हतं. सगळे माझे मित्र. एक म्हणाला, तुझी व्हॅल्यू इंटरेस्टिंग येईल. नाही आली. आमच्यातल्या एका कोकणस्थ मुलीचा आणि माझा निर्देशांक जवळजवळ सारखा." ती क्षणभर थांबली. "आम्ही दोघी त्यानंतर एकत्र डबा खायला लागलो, हे मात्र खरं."

मावशी म्हणाली, १९०१ ची जनगणना करणाऱ्या रिझलीनं नाकाच्या मापावर जाती लावल्या, तो मूर्खपणा होता आणि तो मूर्खपणा होता हेही मापांनीच दाखवलं. कॅलिपर फेकून देऊन रिझली जात नाही, तो डोक्यात राहतो. "तुझ्या त्या मित्राच्या डोक्यातला रिझली तुझ्या आकड्यानं पडला की नाही?"

"पडला असेल. पण त्यासाठी डोकं माझं लागलं."

दुपारी आम्ही घरी आलो. अरेरा कॉलनीतलं मावशीचं घर म्हणजे खाली डॉक्टरांचा दवाखाना आणि वर पुस्तकं. भोपाळी पद्धतीची मीठ घातलेली चहा मावशी आवडीनं पिते. मला पन्नास वर्षांत जमलेली नाही, आणि मावशी तिला 'चहा' न म्हणता 'चाय' म्हणते, म्हणून इथं मीही स्त्रीलिंगी लिहितोय.

वाद आता फील्ड ट्रिपवर आला. इथं दोघी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मी समजून चाललो होतो आणि तसं झालं नाही. तीस मुलं, दोन शिक्षक, एक बस, आश्रमशाळेत मुक्काम, सकाळी नाश्ता, मग गटागटानं घरं वाटून घ्यायची, रात्री शेकोटी आणि 'त्यांचा' नाच. दहा-बारा दिवसांत गाव आटोपलं. मावशीला हा प्रकार मुळीच मान्य नाही. मुलीला तो दुसऱ्या कारणासाठी मान्य नाही.

"तुमच्या विद्यापीठांची सवड डिसेंबरात," ती म्हणाली. "परीक्षा झालेल्या असतात, थंडी बरी असते. आमची अर्धी माणसं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडलेली असतात, अमरावती, अकोला, कुणी वीटभट्टीवर, कुणी हरभरा काढायला. परत येतात होळीला. होळी आमचा सगळ्यात मोठा सण, पाच-पाच दिवस चालतो, त्याला कुणी बाहेर राहत नाही. डिसेंबरात गावात कोण असतं? म्हातारी आणि पोरं. आमच्याकडे आलेल्या एका बॅचनं लिहिलं, कुटुंबात ज्येष्ठांचं वर्चस्व आढळतं. वर्चस्व कसलं! घरात दुसरं कुणी नव्हतंच."

मावशी बराच वेळ हसली नाही. मग म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी बैतुलच्या बाजूला मुलं घेऊन जायचे. डिसेंबरातच. परीक्षा विभाग मार्चात कुणाला सोडणार?"

चौतीस वर्षांच्या शिकवण्यातलं हे कबूल करणं तिला सोपं गेलं नसावं. मी तिला ओळखतो, ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी लावत बसली.

परत आली ती भोपाळची गोष्ट घेऊन. १९८४ च्या डिसेंबरातल्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर काही महिन्यांनी ती काही विद्यार्थ्यांना घेऊन जे.पी. नगरला गेली होती; कारखान्याच्या फाटकासमोरची वस्ती. कुटुंबात किती, कोण गेलं, कोण खोकतं. दाराशी बसलेली एक बाई म्हणाली, काग़ज़ लाए हो, दवा लाए हो? "मी उत्तर दिलं नाही. फॉर्म भरला. नंतर किती जण आले त्या वस्तीत, डॉक्टर, वकील, आमच्यासारखे. सरकारी दीर्घकालीन पाहणी १९९४ मध्ये थांबवली, माणसं आजारीच राहिली. मग मी वर्गात विचारायला लागले, तुमच्या फॉर्मला समोरच्यानं उलट प्रश्न केला तर तुमच्याकडे काय आहे? पण हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. मी तोंडी घ्यायचे, मार्क देता येत नव्हते."

"आमच्याकडे आता आहे," मुलगी म्हणाली. "नीतिविषयक मंजुरी, संमतिपत्रक, अंगठा. आजीचा अंगठा घेतला की झालं."

व्हेरिअर एल्विनचं नाव निघणारच होतं. भोपाळमध्ये ते कुठल्याही निमित्तानं निघतं. १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेला हा इंग्रज पुढे मंडला भागात गोंडांत जाऊन राहिला. पाटणगढ हे त्याचं एक गाव. मानवशास्त्राची पदवी नसताना त्यानं बैगांवर १९३९ मध्ये, मुरियांच्या घोटुलावर १९४७ मध्ये ग्रंथ लिहिले. आदिवासींना बाहेरच्या जगापासून जपा, असं तो तेव्हा म्हणत होता. घुर्यांनी १९४३ च्या पुस्तकात उलट मांडलं, हे वेगळे कुणी नाहीतच, मागासलेले हिंदू आहेत. मावशी घुर्यांच्या बोटावरची असली तरी मनानं एल्विनवाली. "तो राहिला," ती म्हणते. "घुर्ये मुंबईत बसून पुस्तकांवर पुस्तकं लिहीत राहिले, हा तिथं राहिला. त्याच पाटणगढचा जनगढसिंह श्याम. चित्रकार स्वामीनाथननी त्याला इकडे आणलं, १९८२ मध्ये भारत भवन उघडलं तेव्हा त्याची चित्रं तिथं. गोंड चित्रकला म्हणून आज जग जे ओळखतं ते या गावात उभं राहिलं."

"जनगढ २००१ मध्ये जपानच्या एका संग्रहालयात गेला, तिथंच फास लावून घेतला," मुलगी शांतपणे म्हणाली. "आणि एल्विन राहिला, बरोबर. कोसीशी लग्नही केलं, १९४० मध्ये. ती गोंड, वयानं लहान. पुढे सोडलं. आत्मचरित्रात तिच्यासाठी मोजक्या ओळी. आमच्या पेपरात 'घुर्ये-एल्विन वाद' वीस मार्कांना येतो, पृथक्करण विरुद्ध सात्मीकरण, शेवटी नेहरूंचं पंचशील लिहिलं की उत्तर पूर्ण. कोसीला किती मार्क?"

"तू एका माणसाच्या घरातल्या वागण्यावरून…"

"मॅडम, घरातलं वागणं हाच आपला विषय आहे ना?"

इथं मावशीनं हात टेकले असते तर हा लेख फार सोपा झाला असता. ती टेकत नाही. तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, "तुझ्या गावात निहाल आहेत?"

मुलीनं वर पाहिलं. "चार घरं."

"कुठं राहतात?"

"कडेला."

"त्यांच्याकडे जेवतेस?"

उत्तर आलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: निहाल हे कोरकूंच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, कोरकू त्यांना आपल्यापेक्षा खालचं मानत आले. सातपुड्याच्या बुलढाण्याकडच्या अंगाला जामोदच्या आसपास त्यांची निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक असल्याचं सांगतात. ही भाषा कुठल्याच कुळात बसत नाही. द्राविडी नाही, आर्य नाही, कोरकूसारखी मुंडा नाही. शब्दांची उसनवारी सगळ्यांकडून, पण मूळ घर कुठलं ते कुणाला लावता आलेलं नाही. मावशीनं हे एका वाक्यात सांगितलं आणि पुढे म्हणाली, "ज्याचं त्यानंच लिहावं असं तू म्हणतेस. मग त्या चार घरांचं कोण लिहिणार? तू लिहिलंस तर तू त्यांची रिव्हर्स. त्यांच्यातली मुलगी एम.ए.ला येईपर्यंत थांबायचं? तोवर भाषा थांबेल?"

पंखा फिरत होता. खालच्या दवाखान्यात कुणाचं तरी मूल रडत होतं.

"माझ्या डिझर्टेशनमध्ये एका पानावर आहेत ते," मुलगी शेवटी म्हणाली. "'इतर समाज' या मथळ्याखाली."

एवढ्यावर मावशी थांबली, हे तिचं मोठेपण. मी असतो तर आणखी दोन वाक्यं टाकली असती.

मग थोडा वेळ परीक्षेच्या गोष्टी झाल्या. मुलगी यूपीएससी देणार आहे, ऑप्शनल मानवशास्त्रच. अडीचशे-अडीचशे गुणांचे दोन पेपर, अभ्यासक्रम आटोपशीर, आकृत्या काढल्या की मार्क बरे पडतात, म्हणून इंजिनिअरसुद्धा हाच विषय घेतात. तिच्याकडे छापील नोट्सचे गठ्ठे आहेत. मावशीला नोट्स हा शब्दही खपत नाही. "नर्मदेच्या काठी हथनोऱ्याला, इथून दोन तासांवर, १९८२ मध्ये सोनकियांना ती कवटी सापडली. किती जणांनी जाऊन ती जागा पाहिली? नर्मदा मानव, शोधकर्ता, साल, वर्गीकरणाचा वाद, चार बुलेट पॉइंट!" मुलगी म्हणाली, "जाऊन बघायला सुट्टी आणि भाडं लागतं, मॅडम. माझ्या गावातला पहिला कलेक्टर फॉर्म भरायला येणाऱ्यांना दारात थांबवू तरी शकेल." यावर दोघींचं काही जमलं नाही आणि जमवायचा प्रयत्नही कुणी केला नाही.

संध्याकाळी दिवे लागल्यावर मुलगी पुस्तकांच्या कपाटासमोर उभी होती. तिनं एक जाड, लाल कापडी बांधणीचा ग्रंथ काढला. आमच्या मावशीच्या माहेरचा, म्हणजे माझ्या आजोळचा कुलवृत्तांत. मराठी घरांत असतो तसा: मूळ पुरुष, कुठून आला, कुलदैवत, शाखा, आणि मग पानंच्या पानं झाडं. तिनं तो मांडीवर घेतला आणि सराईतपणे एकेक पिढी बोटानं खाली उतरत गेली. वंशावळ वाचायची तिला सवय आहे, ते दिसत होतं. दहा-बारा पानांनंतर बोट थांबलं.

"मॅडम, यात वर्तुळं कुठं आहेत?"

मावशी शेजारी येऊन बसली. जुन्या पिढ्यांत नुसते पुरुष, एकापासून तीन, तिघांपासून आठ, जणू धनुष्यबाणाचीसुद्धा गरज पडली नव्हती. अलीकडच्या शाखांत कुठं कुठं 'पत्नी' आणि सासरचं नाव. मुली असल्या तर 'कन्या २'. मावशी स्वतः तिथं अर्ध्या ओळीत आहे, नाव चुकलेलं. "लीला दुबे सागरला शिकवायच्या," ती म्हणाली. "माहेरच्या आंबर्डेकर. बीज आणि क्षेत्र यावर त्यांनी लिहिलंय. पुरुष बी पेरतो, बाई म्हणजे जमीन. पीक बीवाल्याच्या मालकीचं. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं. हे पुस्तक तेव्हाही याच कपाटात होतं."

मुलीनं पर्समधून शिसपेन्सिल काढली. "काढू?"

"काढ."

तिनं माझ्या पणजोबांच्या नावाशेजारी बरोबरची खूण केली, एक छोटं वर्तुळ काढलं, त्यावर तिरपी रेघ मारली. "यांचं नाव?"

"जिजी म्हणायचे सगळे."

"नाव, मॅडम. माहेरचं."

मावशीला आठवेना. तिच्या सख्ख्या आजीचं. तिनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला कुठून माहीत असणार. मग तिनं मोबाइल घेतला आणि सांगलीला आपल्या थोरल्या बहिणीला लावला. माई नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं, म्हणून मावशी फोन तोंडासमोर धरून ओरडली, "माई, अगं जिजीचं माहेरचं नाव काय होतं? आपली जिजी!"

स्पीकरवरून बराच वेळ काहीच आलं नाही. मुलगी पेन्सिल धरून बसली होती.

मग माईचा आवाज आला, खणखणीत, संशयी. "कोण विचारतंय? आणि कशाला हवंय?"